‘सर’ या एका शब्दावर पारखलेली विक्शनरी

शब्दकोशाची खरी परीक्षा लांबलचक शब्दाने होत नाही. लांब शब्द दोन असंबंधित भाषांत योगायोगाने सारखा निघणे जवळजवळ अशक्यच. दोन अक्षरांचा शब्द मात्र जगभर कितीतरी भाषांत सापडतो, दर ठिकाणी वेगळ्या अर्थाने आणि बहुतेक ठिकाणी वेगळ्या मुळातून आलेला. अशा शब्दावर कोश गोंधळ वाढवतो की निस्तरतो, हे पाहिले की त्याची लायकी कळते. म्हणून इथे विक्शनरी हा इंटरनेटवरचा मुक्त शब्दकोश पारखला आहे तो ‘सर’ या शब्दावर. मराठीत तो रोज तोंडी असतो, फारसीत आहे, हिब्रूत आहे, मंगोलियनमध्ये आहे, आणि रोमन लिपीतली त्याची सोंगे युरोपभर पसरली आहेत.

निकाल आधीच सांगून टाकू. एवढ्या भाषा एका जागी आणून प्रत्येकीची व्युत्पत्ती वेगळी मांडणारे दुसरे फुकट साधन नाही. पण विक्शनरी हे शोधाचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नव्हे. मराठी शब्दापुरते बोलायचे तर मोल्सवर्थ, दाते आणि टर्नर या तिघांचे कोश (त्यांची ओळख पुढे येईल) शेजारच्या टॅबमध्ये उघडे असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचाच हा मुक्त कोश १२ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाला. इथे परीक्षण आहे ते त्याच्या इंग्रजी आवृत्तीचे. ‘इंग्रजी आवृत्ती’ म्हटल्यावर अनेकांना तो इंग्रजी शब्दांचा कोश वाटतो. तसे नाही. शब्द कोणत्याही भाषेचा असतो, फक्त अर्थ आणि स्पष्टीकरण इंग्रजीतून असते. मराठी आवृत्ती वेगळी आहे, तिच्यात मजकूर फार कमी आहे आणि व्युत्पत्तीच्या कामाला ती पुरत नाही.

वापरायला बसण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: विक्शनरीचे पान शब्दाचे नसते, लिहिलेल्या रूपाचे असते. देवनागरी ‘सर’चे एक पान. त्याच पानावर मराठी, हिंदी, संस्कृत अशा भाषांचे विभाग. रोमन एस, ए, आर या तीन अक्षरांचे दुसरे पान. मधल्या स्वरावर तिरकी रेघ आली की तिसरे, डोक्यावर वर्तुळ आले की चौथे. किरिल लिपीतले पाचवे, अरबी-फारसी लिपीतले सहावे, हिब्रू सातवे. कॅपिटल अक्षरांतही फरक धरला जातो. तिन्ही अक्षरे मोठी लिहिली तर तुम्ही संक्षेपांच्या पानावर जाता, जिथे रडारचा एक प्रकार, शोध आणि बचावकार्य, सौदी रियालचा चलनसंकेत अशी मंडळी भेटतात. पानाच्या अगदी माथ्यावर ‘सी ऑल्सो’ची एक बारीक ओळ असते, मिळत्याजुळत्या रूपांच्या पानांचे दुवे तिथे मिळतात. नवखा वाचक ही ओळ हमखास ओलांडून पुढे जातो आणि मग हंगेरियन शब्द सापडत नाही म्हणून तक्रार करतो.

पानाच्या आत क्रम ठरलेला असतो. सर्व भाषांना लागू असलेली चिन्हे आणि संकेत आधी, मग इंग्रजी, मग बाकी भाषा रोमन वर्णक्रमाने. त्यामुळे मराठी मधे कुठेतरी येते. वरून खाली सरकवत बसण्यापेक्षा अनुक्रमणिकेतून थेट उडी मारावी. भाषेच्या विभागात एकाच रूपाचे दोन-तीन शब्द असतील तर ‘एटिमॉलॉजी १’, ‘एटिमॉलॉजी २’ (म्हणजे व्युत्पत्ती १, २) असे आकडे टाकलेले असतात. या कोशाची सगळ्यांत मोठी ताकद या आकड्यांत आहे. एका शब्दाला चार अर्थ आहेत, की चार शब्द योगायोगाने सारखे दिसतात, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळते.

याचा सर्वांत सुबक नमुना एस्टोनियन भाषेत आहे. तिथे ‘सार’ म्हणजे बेट आणि ‘सार’ म्हणजे अ‍ॅश नावाचा वृक्ष. बेटावर ती झाडे असतील म्हणून नाव पडले असेल, असे कोणीही म्हणून जाईल. पण शेजारच्या फिनिश भाषेत बेट म्हणजे ‘सारी’ आणि झाड म्हणजे ‘सार्नी’. बहिणीच्या घरी दोन्ही शब्द वेगळे राहिले, एस्टोनियनमध्ये शेवट झिजून एकसारखे झाले. एकाच भाषेत पाहून हे कधीच सुटले नसते. एकरूप शब्दांचा गुंता सोडवायचा असेल तर आधी सख्ख्या भाषेत ते वेगळे आहेत का पाहावे. विक्शनरीत हे दोन क्लिकचे काम आहे, कारण व्युत्पत्तीत दिलेला प्रत्येक शब्द स्वतःच्या पानाला जोडलेला असतो.

आता मराठी. कोश उघडण्याआधी हातातला ‘सर’ कोणता, हे व्याकरणाने ठरवून घ्यावे. निम्मे काम तिथेच होते. मोत्यांचा ‘तो सर’ पुल्लिंगी, त्याचे अनेकवचन ‘दोन सर’. पावसाची ‘ती सर’ स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘सरी’. ‘याला त्याची सर येणार नाही’ यातली बरोबरीच्या अर्थाची सरही स्त्रीलिंगी, पण ती सहसा अनेकवचनात जात नाही. ‘गड सर केला’ यातला सर कोणत्याही लिंगात चालत नाही, तो फक्त करणे-होणे या क्रियापदांसोबत येतो. शिकवणारे ‘सर’ नेहमी आदरार्थी बहुवचनात: सर आले, सरांनी सांगितले. आणि ‘जरा बाजूला सर’ यातला सर तर नामच नाही, सरणे या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे. कोशात ते ‘सर’खाली शोधून उपयोग नाही, ‘सरणे’खाली पाहावे लागते. ‘सरांची’ या रूपाजवळ विशेष सांभाळा: दोन सरांची माळ आणि आपल्या सरांची वही, रूप एकच. मजकुरात यंत्राने शोध घेणारा माणूस इथे हमखास अडकतो. ‘सरी’चेही तसेच, पावसाच्या सरी आणि शेतातल्या वरंब्यांमधली सरी एकाच शोधात मिसळून येतात.

‘सर’ने सुरू होणाऱ्या शब्दांची वाटणी हा पुढचा टप्पा. सरदार, सरकार, सरहद्द, सरनोबत, सरलष्कर यांतला सर फारसी; अर्थ डोके, आणि त्यावरून प्रमुख. हा उपसर्ग मराठीत इतका मुरला की पुढे तो एतद्देशीय शब्दांनाही लागला. सरपंच, सरन्यायाधीश, सरचिटणीस पाहा. सरन्यायाधीशात फारसी डोके आणि संस्कृत धड आहे आणि कोणाला खटकत नाही. पण म्हणून दिसेल तो ‘सर’ फारसी ठरवू नये. सरळ संस्कृत आहे. सरस म्हणजे स अधिक रस, तिथे सर हा तुकडाच नाही. सरोवरातला सर म्हणजे संस्कृत ‘सरस्’, तळे. सरबत हा अरबी शरबत, पिणे या अर्थाच्या धातूवरून आलेला, मराठीत श चा स झालेला. शब्दाच्या सुरुवातीची दोन अक्षरे कापून त्यांना अर्थ चिकटवणे ही हौशी व्युत्पत्तीतली सर्वाधिक आढळणारी चूक आहे. शब्द कुठे तुटतो हे आधी ठरवायचे, मग तुकड्याचे मूळ पाहायचे.

व्युत्पत्तीचा परिच्छेद कसा वाचायचा, हे विक्शनरी स्वतः नीट शिकवत नाही, म्हणून सांगणे भाग आहे. त्यातले काही शब्द ठरीव अर्थाने वापरलेले असतात. ‘इन्हेरिटेड फ्रॉम’ म्हणजे वारसाने आलेला. संस्कृत, प्राकृत, जुनी मराठी, मराठी अशा अखंड साखळीतून, आपण ज्याला तद्भव म्हणतो तो. ‘बॉरोड फ्रॉम’ म्हणजे उसना. ‘लर्न्ड बॉरोइंग’ म्हणजे पंडितांनी ग्रंथांतून जसाच्या तसा उचललेला, आपला तत्सम. ‘कॉग्नेट’ म्हणजे सगोत्र: दोघांचा पूर्वज एक, पण एक दुसऱ्यापासून निघालेला नाही. ‘डब्लेट’ म्हणजे एकाच मुळापासून दोन वाटांनी एकाच भाषेत पोचलेली जोडी. आणि शब्दाच्या आधी तारांकन असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, तुलना करून मागे जाऊन बांधलेला आहे. कॉग्नेट आणि बॉरोड यांत गल्लत झाली की सगळेच फसते. ‘फारसी सर आणि संस्कृत शिरस् सगोत्र आहेत’ हे वाक्य बरोबर आहे. ‘फारसी सर संस्कृत शिरस् वरून आला’ हे चूक आहे. समाजमाध्यमांवर मात्र हे दुसरे वाक्यच फिरते.

या सगोत्रतेवर विश्वास का ठेवायचा, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. शब्द सारखा ऐकू येतो हा पुरावा नाही. फरक नियमित आहे हा पुरावा आहे. संस्कृत शब्दारंभी तालव्य श आणि फारसीत स ही जोडी एकटी नाही. शिरस् आणि सर. शत आणि सद, म्हणजे शंभर. शरद् आणि साल. शेवटची जोडी पहिल्या नजरेला पटत नाही, पण प्राचीन फारसीतला वर्षवाचक शब्द मधे ठेवला की दुवा जुळतो; आपल्याकडे ‘जीवेम शरदः शतम्’ मध्ये शरद् वर्षाच्याच अर्थाने येतो. तीन जोड्यांत तोच फरक, अर्थही जुळतात. आता उलटी बाजू तपासा. संस्कृतचा दंत्य स स्वरापूर्वी इराणी भाषांत ह होतो: सप्त आणि हफ्त, सिंधु आणि हिंद. म्हणजे सरोवरातल्या ‘सरस्’चा इराणी भाऊ स ने सुरू होऊच शकत नाही, ह ने व्हायला हवा. आणि तसाच तो आहे. सरस्वती, म्हणजे तळी असलेली, हिचे अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातले रूप हरह्वैती. तोच शब्द प्राचीन फारसीत एका प्रांताचे नाव म्हणून येतो आणि ग्रीकांनी त्या प्रांताला अराकोसिया म्हटले, आजच्या कंदाहारच्या आसपासचा भाग. तेव्हा सरदारातला सर आणि सरोवरातला सर मराठीत कितीही सारखे दिसोत, इराणच्या बाजूने पाहिले की एकाचे सर राहते आणि दुसऱ्याचे हर होते. वाद तिथेच संपतो. विक्शनरीचा खरा फायदा हाच की ही सगळी रूपे एकमेकांना जोडलेली असतात. छापील कोशांत याच कामाला चार ग्रंथ टेबलावर उघडावे लागतात.

शिक्षकांना म्हणतो त्या ‘सर’बद्दल सगळ्यांत जास्त चुकीचे लिहिले जाते. हा शब्द फारसी सरचाच इंग्रजी अवतार, असे ठासून सांगणारे बरेच भेटतात. अर्थ जवळचा, उच्चार जवळचा, आणि भारतात दोन्ही भाषा राज्यकर्त्यांच्या, त्यामुळे पटतेही. पण इंग्रजीत हा शब्द सुमारे १३०० पासून लिखित सापडतो. तेव्हा इंग्रजांचा फारसीशी संबंध नव्हता, फ्रेंचशी होता. इंग्रजी ‘सायर’चे आघात नसलेले, नावापुढे लावताना आखडलेले रूप म्हणजे सर. सायर जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्यामागे लॅटिन ‘सेनिओर’, म्हणजे वयाने मोठा. याच सेनिओरच्या कर्मकारक रूपापासून फ्रेंच सेन्योर निघाला. स्पॅनिश सेन्योर, इटालियन सिन्योर, फ्रेंच मस्योचा उत्तरार्ध ही सगळी त्याच घरची माणसे. इंग्रजीत सर, सायर आणि सिनिअर ही त्रयी डब्लेटचे पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावी. आपण मराठीत ‘सिनिअर सर’ म्हणतो तेव्हा लॅटिनचा एकच शब्द दोनदा उच्चारतो. आणि लॅटिन ‘सेनेक्स’, म्हणजे म्हातारा, याचा संस्कृतमधला सगोत्र आहे ‘सन’, म्हणजे जुना. सनातन त्याच कुळातला. शाळेतल्या सरांचे दूरचे नाते सरदाराशी नाही, सनातनशी आहे. हे नुसते गमतीचे नाही: रूप सोडून पुराव्यामागे गेले की वाट किती वेगळ्या गावाला जाते, ते यातून दिसते.

जिथे लिपी स्वर लिहीत नाही तिथे विक्शनरीची कसोटी लागते. अरबी-फारसी लिपीत सीन आणि रे ही दोन अक्षरे एवढेच लिहिलेले असते. त्याच दोन अक्षरांत फारसीत सर म्हणजे डोके, सिर्र म्हणजे गुपित आणि सुर म्हणजे निसरडे असे तीन शब्द बसतात. उर्दूत त्यांत गाण्याचा सुर आणि इंग्रजी सर यांची भर पडते. सगळे एकाच पानावर. इथे विक्शनरी प्रत्येक नोंदीपुढे रोमन लिप्यंतर देते आणि जबर, जेर, पेश या स्वरखुणांसह शब्द पुन्हा लिहिते, म्हणून गाडी रुळावर राहते. तरी घाईत वाचणारा पहिल्याच नोंदीवर थांबतो. आधी लिप्यंतराची ओळ पाहावी, मग अर्थ. या विशिष्ट पानासाठी प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-हिंदी कोश अधिक सोयीचा वाटतो, कारण तो प्रत्येक नोंदीच्या तोंडाशीच मूळ भाषेचे एक अक्षर टाकतो. फारसी सर कुठे आणि संस्कृत सर कुठे ते नजर टाकताच कळते. तुर्कीत गेलात तर आणखी एक वळण आहे: फारसी सर तिथे ‘सेर’ झाला, सेरदार आणि सेरहात यांत तो दिसतो. तुर्की ‘सार’ म्हणजे गुंडाळ, सारमाक या क्रियापदाची आज्ञा.

हिब्रूचे दुखणे ठिपक्याचे. शिन या अक्षराच्या डाव्या टोकावर ठिपका असेल तर उच्चार स, उजव्या टोकावर असेल तर श. ‘सार’ म्हणजे मंत्री, अधिकारी. ‘शार’ म्हणजे गातो. रोजच्या हिब्रू लिखाणात ठिपके देत नाहीत, त्यामुळे दोन्ही शब्द कागदावर एकच. या सारचे स्त्रीलिंगी रूप सारा, बायबलमधले नाव. अर्थ ‘प्रमुख’ असल्याने फारसी सरशी त्याची सोयरीक लावण्याचा मोह आवरत नाही, पण हिब्रू शब्दाचे नाते अक्कडियन या प्राचीन मेसोपोटेमियातल्या भाषेच्या ‘शर्रु’शी आहे आणि शर्रु म्हणजे राजा. सारगोन हे तिथल्या राजाचे नाव याच शर्रुपासून. यात एक सुंदर अदलाबदल दिसते: अक्कडियनमध्ये राजा शर्रु आणि त्याहून खालचा सत्ताधीश मल्कु, हिब्रूत राजा ‘मेलेख’ आणि त्याचा अधिकारी सार. मेलेखच्याच म-ल-क या धातूचे अरबी भाऊ मलिक आणि मालिक, त्यातून आपला मालक. रशियन ‘त्सार’ही याच रांगेत बसवला जातो, तो तिथला नाही. त्याचे मूळ रोमन सीझर.

युरोपच्या बाजूला अडचण उलटी: अक्षरे ओळखीची, उच्चार अनोळखी. हंगेरियनमध्ये रोमन एस म्हणजे श, म्हणून तिथले ‘शार’ म्हणजे चिखल. खरा स हवा असेल तर एस आणि झेड जोडून लिहितात, आणि तसे लिहिलेले ‘सार’ म्हणजे देठ. डॅनिश आणि स्वीडिशमध्ये वर्तुळवाल्या ए चा उच्चार ओकडे झुकतो. ‘सोर’ म्हणजे जखम, इंग्रजी सोअरचा भाऊ. त्याच कुळातला जर्मन ‘झेअर’ आज फक्त ‘खूप’ या अर्थाने उरला आहे. वेदनेने, त्रासाने, फार, खूप असा तो घसरत आला. आपण ‘भयंकर आवडले’ म्हणतो तेव्हा भयंकरचे नेमके तेच झालेले असते. अशा शब्दांसाठी विक्शनरीतला उच्चाराचा विभाग वगळू नये. तिथे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी असते, पुष्कळ ठिकाणी ध्वनिमुद्रणही.

रोमानियन ‘सार’ म्हणजे मी उडी मारतो. लॅटिन सालिओवरून, मधल्या ल चा र होऊन. हा र ही नियमातच बसतो: लॅटिनमधले मीठ रोमानियनमध्ये सारे झाले, सूर्य सोआरे झाला. आयरिश ‘सार’ हा अति, श्रेष्ठ असा अर्थ देणारा उपसर्ग. मंगोलियन ‘सार’ म्हणजे चंद्र आणि महिनाही, जसा फारसीत माह दोन्हीला चालतो आणि संस्कृतात मास्. त्यांच्या नववर्षाचे नाव त्सगान सार, पांढरा महिना. यांतल्या कोणाचाही मराठी ‘सर’शी संबंध नाही.

आता उणिवा. विक्शनरी कोणीही संपादित करू शकतो, त्यामुळे नोंदींचा दर्जा भाषेगणिक आणि कधी परिच्छेदागणिक बदलतो. इंग्रजी, लॅटिन, फिनिश अशा भाषांवर पुष्कळ हात फिरलेले आहेत. मराठी नोंदी तुलनेने पातळ आहेत; अर्थ एक-दोन शब्दांत उरकलेला, वापराचे उदाहरण नाही, व्युत्पत्ती असली तर संस्कृत रूपावर उडी, मधली प्राकृत पायरी गायब. जुन्या मराठीतले दाखले तर क्वचितच. व्युत्पत्तीच्या जागी ‘अपूर्ण आहे, भर घाला’ अशी चौकट दिसली तर तिला दोष समजू नये. ज्ञात नाही ते ज्ञात नाही म्हणणारा कोश चांगला. धोका असतो तो ठामपणे लिहिलेल्या, पण खाली एकही संदर्भ नसलेल्या व्युत्पत्तीचा. ‘रेफरन्सेस’ हा विभाग आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. नसेल तर ती माहिती हा फक्त एक धागा.

तो धागा घेऊन जायचे ते शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९५० या काळात निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश, फारसीसाठी १८९२ चा स्टाइनगास, असे सगळे तिथे शोधता येतात आणि पैसे पडत नाहीत. मोल्सवर्थने मूळ भाषेची खूण कंसात एका अक्षराने दिली आहे, संस्कृत, फारसी, अरबी किंवा हिंदुस्थानी. नोंदी मात्र सगळ्या वाचाव्या; पहिली सापडली की थांबू नये, कारण एकाच रूपाच्या नोंदी ओळीने एकाखाली एक येतात. त्याच्याकडे मास्तरांना म्हणायचा सर शोधणे व्यर्थ, तो वापर नंतरचा. दात्यांचे बळ आहे ते ग्रंथांतल्या अवतरणांत: शब्द कोणी, कोणत्या वाक्यात वापरला, हे तिथे दिसते.

टर्नरमध्ये शिरायला थोडी तयारी लागते. त्याचे शीर्षशब्द मराठी नाहीत, संस्कृत किंवा पुनर्रचित रूपे आहेत, तीही रोमन लिपीत, खुणांसह. त्याच्याकडे नुसता सी म्हणजे च, सी-एच म्हणजे छ. एस वर तिरकी रेघ म्हणजे श आणि खाली टिंब म्हणजे ष. हे ठाऊक नसेल तर शिरस् आणि सरस् एकाच डब्यात पडतात आणि वर सिद्ध केलेले सगळे वाहून जाते. मराठी शब्दावरून मूळ नोंद गाठायची असेल तर शीर्षशब्दांत शोधू नका, पूर्ण मजकुरात शोधा. निकाल पुष्कळ येतात. त्यांतली मराठीची खूण असलेली ओळ शोधायची आणि त्याच नोंदीत गुजराती, हिंदी, सिंधी रूपे काय आहेत ते पाहायचे. एकूण १४,८४५ क्रमांकित नोंदी आहेत. सापडलेल्या नोंदीचा क्रमांक टिपून ठेवा, पुढच्या वेळी शोधावे लागत नाही.

संस्कृत बाजू पक्की करायची तर कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोनिअर-विल्यम्सचा १८९९ चा कोश आहे आणि तिथे देवनागरीतही टंकता येते. इंग्रजी शब्दांपुरते एटिमॉनलाइन हे व्युत्पत्तीचे संकेतस्थळ पुरते. नोंद छोटी, सलग, पहिला लेखी दाखला कधीचा ते सुरुवातीलाच. ‘सर’ आणि सरदाराचा वाद तिथल्या एका परिच्छेदात मिटतो. पण इतर भाषांसाठी त्याचा उपयोग नाही. छापील पुस्तक जवळ ठेवायचे असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्ति कोश अजूनही घ्यावा असाच आहे, जरी त्यानंतर टर्नर आल्यामुळे काही व्युत्पत्ती पुन्हा तपासाव्या लागतात.

विक्शनरीतले काही उद्धृत करायचे झाले तर पानाचा साधा पत्ता देऊ नका. मजकूर उद्या बदललेला असू शकतो. बाजूच्या यादीतला ‘पर्मनंट लिंक’ घ्या, तो त्या दिवशीच्या आवृत्तीलाच जोडलेला राहतो. इतिहासाचे पान उघडून व्युत्पत्तीचे वाक्य कधी आणि कशाच्या आधारावर घातले गेले तेही पाहता येते. आणि चूक सापडली तर थेट खोडण्याऐवजी ‘एटिमॉलॉजी स्क्रिप्टोरियम’ या चर्चापानावर मांडावी. कोशाचे नाव, पृष्ठ किंवा नोंदक्रमांक आणि रूपांची साखळी एवढे दिले तर दुरुस्तीला वजन येते. मराठी विभागाला अशा हातांची फार गरज आहे. मोल्सवर्थ आणि दात्यांमध्ये असलेली, पण विक्शनरीत न पोचलेली माहिती इतकी आहे की एका ‘सर’च्या नोंदीवरही बसून पुष्कळ काम करता येईल: माळेच्या, पावसाच्या आणि बरोबरीच्या सरला वेगवेगळे व्युत्पत्ती-क्रमांक, प्रत्येकाचे लिंग, अनेकवचन, आणि जुन्या ग्रंथातला एकेक दाखला.